खांब शेवटी, नकाशा आधी : बागेतल्या ओरिएंटियरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

नकाशा आणि होकायंत्र घेऊन जमिनीवरच्या ठरलेल्या जागा, म्हणजे कंट्रोल, एकामागून एक शोधायचे, हा ओरिएंटियरिंगचा खेळ. स्पर्धेत त्या जागी नारिंगी-पांढरे निशाण एका दिवसापुरते टांगतात. कायमच्या कोर्समध्ये, म्हणजे कंट्रोलांच्या आखलेल्या मार्गात, तिथे एक छोटा खांब असतो आणि नकाशा हातात असलेला कोणीही, सवडीने येऊन खेळू शकतो. या विषयावर नाशिक आणि परिसरातून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या मंडळाने महापालिकेच्या जवळच्या उद्यानात असा कोर्स करायचे ठरवले आहे. वर्गणी जमली आहे. किती खांब घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने काम करावे? (इंदिरानगर)

खांब इतक्यात घेऊ नका. पहिला खर्च नकाशावर करा, दुसरा कापडी निशाणांवर, आणि खांब सगळ्यात शेवटी.

आधी बाग या खेळाला लायक आहे का ते पाहा. चौकोनी हिरवळ, भोवती एकच जॉगिंग ट्रॅक आणि मधे कारंजे, अशा बागेत फाटकातूनच सगळे दिसते. तिथे नकाशा वाचायची वेळच येत नाही. वाटांना फाटे हवेत, झाडी हवी, पायऱ्या-भिंती-ओटे हवेत, जमिनीला थोडा चढउतार असेल तर उत्तम. पाच एकरांपेक्षा लहान जागेत कोर्स होतो, पण तो लहान मुलांपुरताच राहतो.

सहा ते आठ एकरांना १२ ते १५ खांब पुरतात. वीस एकरांच्या पुढे २० पर्यंत जा. त्याहून जास्त लावले की जिकडे पाहावे तिकडे खांब दिसतो आणि शोधण्यासारखे काही उरत नाही. दोन खांबांमध्ये निदान ३०-४० मीटर ठेवा. दोन्ही सारख्याच जागी असतील, उदाहरणार्थ दोन्ही पायऱ्यांच्या तळाशी, तर ६० मीटर. नाहीतर माणूस चुकीच्या पायऱ्यांपाशी जाऊन बरोबर आल्याच्या समजुतीत राहतो.

नकाशा तयार झाला की ३० सेंटिमीटरच्या नारिंगी-पांढऱ्या निशाणांनी निदान तीन रविवार खेळ घ्या. निरीक्षण करणाऱ्याने वहीत तीनच गोष्टी टिपाव्यात : लोक कुठून फुलांच्या वाफ्यात शिरतात, कोणता कंट्रोल न शोधता सहज पायात येतो, आणि कुठे चारपाच जण एकदम घुटमळतात. पहिल्या जागा सोडून द्या, दुसऱ्या नवशिक्यांच्या सोप्या कोर्सला ठेवा. तिसऱ्या ठिकाणी बहुतेक वेळा खेळाडू चुकत नसतो, नकाशा चुकलेला असतो. तिथे परत जाऊन मोजमाप घ्या. एवढे झाल्यावर खड्डे खणा.

पंधरा खांबांवर तीन कोर्स बसतात. पहिला एक ते दीड किलोमीटरचा, सगळे कंट्रोल वाटेवर किंवा वाटेच्या फाट्यावर. दुसरा दोन किलोमीटरच्या आसपास, कंट्रोल वाटेपासून थोडे आत. तिसऱ्यात सगळे खांब, आणि कोणत्या वाटेने जायचे याचा खरा पर्याय असलेले दोनतीन लांब टप्पे. ही अंतरे सरळ रेषेत मोजायची असतात. पावलांखाली त्याच्या सव्वापट तरी पडते, हे फलकावर लिहा.

प्रश्न : पांडवलेणीच्या पायथ्याशी कोर्स करता येईल का? परवानगी कोणाची लागते? (सातपूर)

जागेगणिक उत्तर बदलते. महापालिकेच्या उद्यानाला उद्यान विभागाची परवानगी लागते, वनक्षेत्राला वन खात्याची. पांडवलेणी हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही बांधता येत नाही. काँक्रीटच्या पायातला खांब तिथे नकोच. पायथ्याकडच्या भागात खेळायचे असेल तर खांबांशिवाय, मोबाइलवर चालणारा कोर्स करा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

अर्जासोबत चार कागद जोडले की काम सोपे होते : खांबांच्या जागा दाखवणारा नकाशा, खांबाचे मापासह रेखाटन, देखभाल कोण करणार त्याचे नाव-सहीचे पत्र, आणि मागणी झाल्यास स्वखर्चाने खांब काढून जमीन पूर्ववत करू अशी हमी. शेवटचा कागद लोक विसरतात, आणि अधिकाऱ्याची खरी काळजी तीच असते.

खांब नको म्हणून झाडाला पाटी ठोकायचा विचार काही पत्रांत दिसला. ते करू नका. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली खिळे ठोकणाऱ्यांवर कारवाई होते, आणि खिळ्याच्या जखमेतून झाडाला कीड-बुरशी लागते ते वेगळेच.

खणण्याआधी बागेच्या माळ्याला सोबत घ्या. ठिबकच्या नळ्या, पाण्याची लाइन आणि दिव्यांची केबल कुठून गेली आहे हे कागदावर क्वचितच असते. माळ्याला मात्र ते पाठ असते.

प्रश्न : मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. उपग्रहचित्रावरून नकाशा काढला, पण खेळणाऱ्यांना कंट्रोल सापडत नाहीत. काय चुकले? (कॉलेज रोड)

चार ठिकाणी चूक असू शकते.

पहिली, चित्र सरकलेले असणे. उपग्रहचित्र प्रत्यक्ष जागेपासून काही मीटर हललेले असू शकते. बागेच्या भिंतीचे दोन दूरचे कोपरे पकडून चित्र जुळवा, आणि तिसऱ्या कोपऱ्यावर तपासा. तिसरा जुळला नाही तर पहिल्या दोनांपैकी एक चुकला आहे.

दुसरी, झाडांचे छत. गुलमोहर आणि वडाखालची वाट वरून दिसत नाही. इमारतीचे छप्परही तिरक्या चित्रात पायापासून बाजूला पडलेले दिसते. म्हणून चित्र फक्त पाया, बाकी सगळे जमिनीवर चालून.

तिसरी, मोबाइलच्या जीपीएसवर विसंबणे. मोकळ्यावर तीन ते पाच मीटर आणि दाट झाडीत दहा मीटरपर्यंत चूक येते. तुमचा नकाशा १:१००० प्रमाणाचा असेल तर पाच मीटरची चूक कागदावर पाच मिलिमीटर, म्हणजे कंट्रोलच्या वर्तुळाएवढी. तेव्हा दोन पक्क्या खुणांपासून, जसे विहिरीचा कठडा आणि भिंतीचा कोपरा, ३० मीटरच्या टेपने अंतर घ्या आणि दोन्ही अंतरे जिथे छेदतात तिथे बिंदू मांडा. टेप पोचत नसेल तिथे पावले मोजा. आपल्या पावलांच्या किती जोड्यांत १०० मीटर होतात हे आधी मोजलेल्या रस्त्यावर काढून ठेवा. बहुतेकांच्या चालताना साठ ते सत्तर होतात.

चौथी, प्रमाण. छोट्या जागांच्या आंतरराष्ट्रीय नकाशांचे मान १:४००० आहे. त्यात एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर आणि ए-४ कागदावर साधारण ११०० गुणिले ८०० मीटरचा परिसर मावतो. तपोवनाएवढ्या मोठ्या मोकळ्या जागेला ते ठीक. पण २०० मीटर लांबीची बाग त्यात पाच सेंटिमीटरची होते. तिला १:१००० किंवा १:१५०० घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा या कामाला उपयोगी नाही. त्यात तुमची अख्खी बाग चार मिलिमीटरची होईल.

रंगांचे संकेत मोडू नका, कारण बाहेरून आलेला खेळाडू त्यांच्याच भरवशावर धावतो. झाडीतून मोकळेपणी पळता येते तिथे पांढरा, मोकळी जमीन पिवळी, दाट झुडपे हिरवी, पाणी निळे, खडक आणि बांधकामे काळ्या-करड्यात, उंचसखलपणा तपकिरी. फरसबंदी फिकट तपकिरी. फुलांचे वाफे आणि खासगी आवार ऑलिव्ह हिरव्यात, म्हणजे पाय ठेवायचा नाही. ओलांडता न येणारी भिंत जाड काळ्या रेघेने आणि ओलांडता येणारी बारीक रेघेने, हा फरक चुकला तर कोर्स कोलमडतो. सुरुवातीला जांभळा त्रिकोण, कंट्रोलला वर्तुळ, शेवटाला दुहेरी वर्तुळ. वर्तुळाचा मध्यबिंदू नेमका खुणेवर हवा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती ऋतूंची. मे महिन्यात मोकळा दिसणारा तुकडा ऑगस्टमध्ये गाजरगवत आणि घाणेरीने कमरेपर्यंत भरतो. नकाशा उन्हाळ्यात काढला तर सप्टेंबरात लोक तुम्हाला खोटे ठरवतात. सर्वेक्षण दोनदा करा, मे अखेर आणि पावसाळा सरताना, आणि जो भाग दोन्हींत वेगळा निघेल तिथे खांब ठेवू नका. नकाशा काढायला ओपनओरिएंटियरिंग मॅपर हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसे आहे, ते अँड्रॉइड टॅबवरही चालते. कोर्स आखायला पर्पल पेन, तेही फुकट. नवख्याने सर्वेक्षणाला एकरी दीड-दोन तास धरावेत.

प्रश्न : मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे. लोखंडी पाइपचे खांब करून देऊ शकतो. ते टिकतील का? पाया कसा घ्यावा? (अंबड)

टिकण्याचा प्रश्न गंजापेक्षा भंगाराचा आहे. सुटा पाइप आणि ॲल्युमिनियमची पाटी रात्रीत जाते. शिवाय लोखंडाच्या अगदी जवळ होकायंत्राची सुई हलते. सागवान-बाभळीचा लाकडी खांब सुरेख दिसतो, पण जमिनीत गेलेल्या भागाला वाळवी लागते. डांबर लावून काही वर्षे निघतात, इतकेच.

आमची पसंती तारेच्या कंपाउंडला वापरतात त्या सिमेंटच्या तयार खांबाला आहे. चार इंच चौरस, पाच फूट लांब. दीड फूट जमिनीत, साडेतीन फूट वर. भंगारात त्याला किंमत नाही, वाळवी लागत नाही, आणि उपटायला दोन माणसे लागतात. तुमच्या कारखान्याचा उपयोग क्रमांक-अक्षरांच्या स्टेन्सिलसाठी करा. ते पुढे सांगतो.

खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल, आणि तळाच्या मुरमासाठी आणखी चार इंच. मुरूम टाकून धुमसा. खांब ओळंब्यात उभा करून एक सिमेंट, दोन वाळू, चार खडी या प्रमाणात काँक्रीट भरा. एका खांबाला साधारण ११-१२ किलो सिमेंट लागते, म्हणजे ५० किलोच्या गोणीत चार खांब. १५ खांबांना चार गोण्या. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा बोटभर वर ठेवून चारी बाजूंनी उतार द्या, पाणी खांबाच्या बुडाशी साचता कामा नये. सात दिवस पाणी मारा, आणि तोवर खांबाला दोन बाजूंनी टेकू असू द्या, कारण संध्याकाळी मुले त्याला धरून गोल फिरणारच.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. खांब दोन पावसाळ्यांत तिरके होतात ते यामुळेच. काळ्या मातीत खड्डा दीडपट रुंद घ्या आणि काँक्रीटच्या भोवती निघालेली माती परत न टाकता मुरूमच भरा. उलट डोंगराच्या कडेला काळा खडक फूटभरावर लागतो. तिथे पहारीने झुंजत बसू नका; खांबाची जागा दोन मीटर हलवा आणि नकाशावरही हलवा. जमिनीवर हलवून नकाशावर तसाच ठेवला, ही चूक सर्रास होते.

पाटीऐवजी खांबाच्या वरच्या भागात १० सेंटिमीटरचा चौकोन कर्णात विभागून एक बाजू पांढरी, एक नारिंगी रंगवा आणि त्यावर स्टेन्सिलने काळा क्रमांक आणि अक्षर. आधी सिमेंटचा प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग, दोन हात. व्हिनाइलचे स्टिकर वापरले तर नारिंगी रंग उन्हाने सगळ्यात आधी उडतो आणि कडा सोलायला लागल्या की लोक नखाने काढतात. रंगवलेला खांब अर्ध्या तासात परत रंगवता येतो.

रंगवलेली बाजू मुख्य वाटेकडे करू नका. दहा-पंधरा मीटरवरून दिसली की पुरे.

प्रश्न : खांबावर अक्षर कशासाठी? क्रमांक पुरत नाही का? (पंचवटी, शिक्षिका)

क्रमांक नकाशावर छापलेला असतो, म्हणून तो न जाताही लिहिता येतो. अक्षर फक्त खांबावर असते, ते तिथे पोचल्याचा पुरावा.

क्रमांक ३१ पासून सुरू करायची पद्धत आहे, कारण १, २, ३ हे कोर्समधल्या क्रमाचे आकडे असतात आणि दोन्ही मिसळले की मुले गोंधळतात. अक्षरे देवनागरी ठेवा, पण निवडून. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, ट आणि ठ या जोड्या रंगाचा एक टवका उडाला की एकमेकींत मिसळतात. ख लांबून रव वाचला जातो. क, ग, च, ज, त, न, ल, श, ह, अ, इ, ए ही बारा निर्धोक आहेत. पुढे हवी असतील तर दोन अक्षरांच्या जोड्या करा. आकड्यांतही १ आणि ९ ची गाठ तुटली की फसगत होते, तेव्हा ३१ आणि ३९ दोन्ही एकाच बागेत ठेवू नका. क्रमाने अक्षरे जोडून शब्द तयार होणार नाही हेही पाहा. हुशार मुले चौथ्या अक्षरालाच उरलेला शब्द ओळखतात आणि बाकावर बसून कार्ड भरतात.

प्रश्न : क्यूआर कोड लावले तर वेळही मोजता येईल ना? (गंगापूर रोड)

येईल. पण उघड्यावरच्या क्यूआरवर दुसऱ्याच कोणी आपला कोड चिकटवला तर लोक नको त्या पानावर जातात. पैशांच्या फसवणुकीचे हे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. लावायचेच तर कोड चार सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि त्यात वेबपत्ता न घालता फक्त खांबाचा क्रमांक घाला.

वेळ मोजायला मॅपरन हे ऑस्ट्रेलियात तयार झालेले फुकट ॲप जास्त बरे. खांबापासून दहा-पंधरा मीटरवर पोचलात की फोन वाजतो आणि वेळ नोंदवतो. दोन काळज्या घ्या : फोनच्या बॅटरी-बचतीच्या यादीतून ॲप वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की नोंद थांबते, आणि दाट झाडाखालचे किंवा उंच इमारतीला लागून असलेले कंट्रोल टाळा. खांब लावण्याआधीची चाचणीही यावर महिनाभर चालवता येते.

प्रश्न : गोदाकाठच्या वाटेवर खांब लावले तर पुरात जातील का? (हनुमानवाडी)

जातील. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काठची वाट पाण्याखाली जाते, आणि दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आले की नाशिककर काठावरून मागे सरतात. पुराच्या गाळाने खांब पुरला जातो किंवा कचरा अडकून वाकतो. पूररेषेच्या आत खांब नकोत; तिथे पुलाचा खांब, घाटाच्या पायऱ्या, दगडी दीपमाळ अशा आधीच असलेल्या वस्तू कंट्रोल म्हणून घ्या आणि अक्षराऐवजी प्रश्न विचारा : पायऱ्या किती, कमानी किती. पावसाळ्यात तो कोर्स बंद, असे नकाशावरच छापा. तपोवनात काही करणार असाल तर सिंहस्थाचा काळ सोडून. साधुग्राम उभे राहिले की जुना नकाशा निरुपयोगी होतो.

प्रश्न : सहावीच्या ४० मुलांना एका तासिकेत कोर्सवर कसे न्यावे? मागच्या वेळी निम्मी मुले एकाच्या मागे धावत होती. (नाशिक रोड, क्रीडाशिक्षक)

एकामागून एक सोडले की हेच होते. पहिल्या दिवशी कोर्स देऊच नका.

आधी मैदानावर खेळाचे नऊ शंकू (कोन) तीन ओळींत, पाच-पाच मीटरवर मांडा. कागदावर तेच नऊ ठिपके आणि त्यांमधून जाणारी एक वाकडीतिकडी रेघ. मुलाने ती रेघ चालून दाखवायची. अट एकच : शरीर वळले तरी नकाशाची वरची बाजू कायम शाळेच्या इमारतीकडे राहिली पाहिजे. वळताना कागद छातीशी धरून सोबत फिरवणारी मुले लगेच लक्षात येतात. त्यांना कागद जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती फिरायला लावा. दहा मिनिटांत बहुतेकांना कळते, आणि यापुढचे सगळे यावर उभे आहे. हा टप्पा वगळून बागेत नेलेली मुले नकाशा हातात घेऊन खांब हुडकत फिरतात, वाचत नाहीत.

दुसऱ्या तासिकेला बागेत ताऱ्याचा खेळ घ्या. तुम्ही मधोमध उभे राहा. मुलांच्या वीस जोड्या करा, दहा कंट्रोल घ्या. प्रत्येक जोडीला एकच कंट्रोल सांगा. तिने जायचे, अक्षर लिहायचे, परत येऊन तुम्हाला दाखवायचे आणि पुढचा घ्यायचा. एका कंट्रोलकडे एका वेळी दोनच जोड्या जातात, त्याही पाठलागासाठी नव्हे. प्रत्येक जोडी दर तीनचार मिनिटांनी तुमच्या डोळ्यांसमोर येते, आणि चुकलेली जोडी कुठे चुकली ते तिथेच नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

तिसऱ्यांदा गुणांचा खेळ : २५ मिनिटे, जवळच्या कंट्रोलला १० गुण, दूरच्या आणि कठीण जागेला ३०, कोणत्याही क्रमाने. उशीर झाल्यास प्रत्येक मिनिटाला १० गुण वजा. ही वजाबाकी कडक पाळा. वेळेवर परत येण्याची सवय तिनेच लागते.

कोर्स अर्धवट सोडला तरी शेवटाच्या जागी येऊन नाव सांगितल्याशिवाय घरी जायचे नाही, हा नियम मुलांकडून म्हणवून घ्या. प्रत्येक जोडीला शिटी, फाटकापाशी एक मोठे माणूस, निघताना आणि आल्यावर मोजणी. आपल्या उन्हाचा विचार करता मार्चपासून सकाळी नऊच्या आत आटोपा.

प्रश्न : मुलगी होकायंत्र घेऊनही समांतर वाटेवर भरकटते. होकायंत्रात दोष असेल का? (देवळाली कॅम्प)

होकायंत्र आणि मुलीची पद्धत, दोन्ही तपासा. सुई घासत असेल किंवा तिचे दक्षिण टोक खाली झुकत असेल तर ते होकायंत्र उत्तर युरोपसाठी संतुलित केलेले असू शकते. तिकडे पृथ्वीचे चुंबकीय बल जमिनीत फार तिरके शिरते, म्हणून सुईच्या दक्षिण बाजूला वजन ठेवतात. नाशिकला तिरकेपणा बराच कमी, म्हणून ते वजन जास्त होते. विकत घेताना आपल्या विभागासाठीचे मागा. आणि होकायंत्र मोबाइलच्या कव्हरमधल्या किंवा इअरफोनमधल्या चुंबकाशेजारी ठेवू नका. सुईची टोके उलटी होतात आणि लाल टोक दक्षिण दाखवू लागते. नाशिकला चुंबकीय आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक आहे, त्याची दुरुस्ती करत बसायला नको.

भरकटण्याचे कारण मात्र बहुधा वेगळे. समांतर वाटा दिशेने सारख्याच असतात, सुई त्यांतला फरक सांगूच शकत नाही. मुलीला कंट्रोल सोडण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने म्हणायला लावा : कोणत्या बाजूने निघणार, वाटेत काय लागेल, आणि पुढे गेले तर कशावरून कळेल. ‘डावीकडे टाकी लागेल, भिंत आली तर पुढे गेले.’ टाकी उजवीकडे दिसली की वाट चुकली हे तिथेच कळते. अंगठा नकाशावर आपण आहोत तिथे, आणि चालताना तो सरकवत राहायचा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या बागेत कोर्स झाला. आज १४ पैकी ५ खांब नाहीत, एका जागी खुली व्यायामशाळा झाली आहे. नव्याने करावा का? (सिन्नर)

नव्याने नको. उरलेले नऊ पुरेसे आहेत. आधी नकाशा दुरुस्त करा, व्यायामशाळा दाखवा, गेलेल्या खांबांची वर्तुळे काढून टाका, आणि नऊ खांबांवर ठरलेल्या क्रमाऐवजी गुणांचा कोर्स छापा. त्यात एखादा खांब पुढे गेला तरी खेळ मोडत नाही. क्रमाच्या कोर्समध्ये सातवा नसला की माणूस तिथेच अर्धा तास घालवतो आणि परत येत नाही. गेलेल्या पाचांपैकी जे एकाच कोपऱ्यातले असतील तिथे परत लावू नका. ती जागाच सांभाळता येण्यासारखी नाही.

यापुढे वर्षातून चार फेऱ्या ठरवा, त्यांतल्या दोन अटळ : मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात. सोबत छापील यादी, कात्री-विळा, रंगाचा छोटा डबा आणि स्टेन्सिल. प्रत्येक खांबापुढे चार रकाने : आहे का, सरळ आहे का, वाचता येतो का, नकाशावरची खूण अजून तिथे आहे का. चौथा रकाना लोक ठेवत नाहीत. जूनच्या वाऱ्यात ज्या झाडाच्या बुंध्याशी खांब होता ते झाडच पडते, खांब उभा राहतो, आणि नकाशासोबतच्या कंट्रोलच्या वर्णनात ‘एकटे झाड’ तसेच राहते. नकाशाच्या कोपऱ्यात महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संस्थेचा फोन क्रमांक छापा. मूळ फाइल एकाच माणसाच्या लॅपटॉपवर ठेवू नका. कोर्स मरण्याचे ते नेहमीचे कारण आहे. तिघांकडे प्रत हवी.

प्रश्न : चाकाच्या खुर्चीवरून खेळता येईल असा कोर्स असतो का? (म्हसरूळ)

असतो. ट्रेल ओरिएंटियरिंग या प्रकारात वेग मोजत नाहीत. ठरलेल्या जागेवरून समोरची चारपाच निशाणे पाहायची आणि नकाशातल्या वर्तुळाच्या मध्यावर त्यांतले कोणते ते सांगायचे. फरसबंद वाटेवरूनच सगळे होते, फक्त वाटेत पायरी नको आणि नकाशा फार अचूक हवा. साध्या कोर्समध्येही सगळे कंट्रोल फरसबंद वाटेला लागून असलेला एक पर्याय ठेवता येतो. खांबावरचा क्रमांक बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला आणा.

प्रश्न : पहाटे पाचला कोर्स करायला जावे का? नकाशा लॅमिनेट करावा की साधा? (गंगापूर गाव)

नदीकाठच्या आणि डोंगराकडेच्या मळ्यांत बिबट्याचा वावर आहे. उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटे जाऊ नका, आणि उसाला लागून असलेल्या बाजूला कंट्रोल ठेवूच नका. वावर दिसल्याची बातमी आली की वन खाते सांगेपर्यंत कोर्स बंद ठेवा.

नकाशा लेसर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई घामाने पसरते आणि हिरवा-पिवळा एक होतात. लॅमिनेशनवर ऊन चमकते आणि ते दुमडता येत नाही, म्हणून साधा जाड कागद पारदर्शक पिशवीत घाला आणि आपण असू तेवढाच भाग वर राहील असा दुमडा. पिशवीची सील केलेली बाजू वर असू द्या.